काळविटाचे छायाचित्र: आधी पार्श्वभूमी, मग प्राणी

माळरानावर काळविटाचे छायाचित्र घेणे वरकरणी सोपे वाटते, कारण झाडी दाट नसते, कळप लांबूनच दिसतो आणि प्रौढ नर तर वाळलेल्या गवतावर शाईचा डाग पडावा तसा उठून दिसतो. तरीही रेहेकुरी, नान्नज किंवा गुजरातमधील वेळावदर येथे काढलेली छायाचित्रे पाहिली, तर चौकटीच्या बरोबर मध्यभागी उभा असलेला नर, त्याच्या शिंगांत मिसळून गेलेल्या मागच्या बाभळीच्या फांद्या आणि मानेतून आरपार जाणारी क्षितिजरेषा हे तीन दोष वारंवार आढळतात. प्राणी दिसताच कॅमेरा उचलला जातो आणि त्याच्या मागे काय होते हे घरी संगणकावर कळते, हेच या दोषांचे मूळ आहे. म्हणून माळरानावर आधी पार्श्वभूमी निवडावी आणि मग तिच्यापुढे काळवीट येण्याची वाट पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

अशी वाट पाहणे व्यर्थ ठरत नाही. विणीच्या काळात प्रौढ नर आपला इलाखा राखतो, ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करतो, डोळ्यांजवळील ग्रंथींचा स्राव काड्यांना व खुरट्या झुडपांना घासतो आणि त्या जागांवर पुन्हा पुन्हा येतो. अशी जागा ओळखता आली की, मागे झुडूप, विजेचा खांब किंवा फलक न येता दूरवर पसरलेले गवत येईल अशा रीतीने गाडी उभी करावी व इंजिन बंद ठेवावे. गाडी चार-पाच मीटर मागे किंवा पुढे घेतल्यानेही पार्श्वभूमी पालटते, त्यामुळे लेन्स बदलण्याआधी चालकाशी बोलणे अधिक उपयोगी ठरते.

क्षितिजरेषेचा प्रश्न उंचीशी निगडित आहे. सपाट जमिनीवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. काळविटाची खांद्यापर्यंतची उंची साधारण 80 सेंटीमीटर असते आणि गाडीच्या खिडकीत टेकवलेला कॅमेरा त्याहून थोडाच उंच असतो. परिणामी मान वर करून उभ्या असलेल्या नराचे डोके किंवा शिंगे नेमकी क्षितिजावर येतात. यावर दोन उपाय आहेत. गाडी उताराच्या खालच्या बाजूस नेली, तर डोके आणि पिळदार शिंगे मोकळ्या आकाशावर येतात. उलट उंचवट्यावरून टिपले, तर संपूर्ण प्राणी गवताच्या पार्श्वभूमीवर येतो आणि आकाश चौकटीबाहेर राहते. पहिला प्रकार मला अधिक आवडतो, कारण नराचे सारे वैभव शिंगांच्या रेषेत आहे. निरीक्षण मनोऱ्यावरून मात्र पाय आखूड व पाठ रुंद दिसते. तेथून एकट्या नराऐवजी कळपाची रचना टिपावी. खिडकीवर तांदळाने भरलेली कापडी पिशवी ठेवली की जड लेन्सही स्थिर राहते.

काळी पाठ आणि पांढरे पोट एकाच चौकटीत असल्याने प्रकाशमापनात कॅमेऱ्याची फसगत होते. उजळ गवताचा भाग मोठा असेल, तर चित्र काळपट होऊन पाठीवरील तपशील हरवतो. नराने चौकट भरली असेल, तर चित्र गरजेपेक्षा उजळ होऊन पोट पांढरेफटक पडते. पोटातील तपशील टिकेल इतकाच प्रकाश घ्यावा, रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, टिपावे आणि काळा भाग नंतर उजळावा. सूर्य वर चढला की तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरू लागते; त्या वेळी कितीही महागडी लेन्स वापरली तरी दूरचे चित्र धूसरच येते, म्हणून सकाळचे पहिले दोन तास वाया घालवू नयेत.

कळपात सर्व माद्या खाली मान घालून चरत असतील, तर चित्रात नुसत्या तपकिरी पाठी दिसतात. एखादी मान वर येईपर्यंत आणि एकमेकींत अडकलेली शरीरे सुटी होईपर्यंत थांबावे. कळप उसळत पळू लागला, तर सेकंदाच्या 1/1600 किंवा त्याहून जलद शटरगती ठेवावी आणि उडीसाठी चौकटीत वरही जागा सोडावी. मात्र ही उडी आपल्या गाडीमुळे घडवून आणू नये. सर्व माना एकाच वेळी आपल्याकडे वळल्या, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचा समावेश असून पाठलाग करून त्याला त्रास देणे हा छायाचित्रणाचा भाग होऊ शकत नाही. गवतात दडून बसलेले पाडस दिसले, तरी तेथे रेंगाळू नये.

सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकाऱ्याला हीच पद्धत लागू पडते. त्याचा रंग गवतातच मिसळतो, म्हणून प्राण्याच्या मागून येणारा तिरपा प्रकाश निवडल्यास अंगाची कड उजळून आकार वेगळा होतो.

संगणकावर कातरताना प्रथम क्षितिज सरळ करावे. नजर ज्या दिशेला आहे तिकडे अधिक जागा ठेवावी, शिंगांची टोके कडेला चिकटू देऊ नयेत आणि पाय कापायचेच असतील तर ते खुरांजवळ न कापता बरेच वर कापावेत. प्राणी चौकटीत लहान आला असेल, तर कातरून तो मोठा करण्यापेक्षा माळ आणि आकाश तसेच राहू द्यावे.