हरणाऱ्या टीमच्या अवे मॅचला जायचंय? आधी परतीचं बघा

फुटबॉलच्या अवे मॅचला, म्हणजे समोरच्या टीमच्या ग्राउंडवरच्या मॅचला, कसं जायचं यावर जे वाचायला मिळतं त्यात स्कार्फ कुठला घ्यायचा, फोटो कुठे काढायचा हेच जास्त असतं, आणि लिहिणारे बहुतेक टेबलमध्ये वर असलेल्या टीमचे. तळातल्या टीमच्या मागे फिरणं हे प्रकरणच वेगळं आहे. मी आठ सीझन फिरतेय, त्यातले पाच रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या, धास्तीत गेलेत, त्यामुळे जे खरंच लागतं तेच सांगते.

१. कशासाठी जाताय ते ठरवा. विजय बघायला जात असाल तर नका जाऊ. डर्बी काउंटी ही टीम २००७-०८ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या ३८ पैकी एकच मॅच जिंकली आणि तीही घरच्या ग्राउंडवर, म्हणजे ज्यांनी त्या सीझनच्या १९ च्या १९ अवे मॅच केल्या त्यांना लीगमध्ये एकही विजय बघायला मिळाला नाही. तरी लोक जात होतेच. आपली टीम परक्या ग्राउंडवर तीन गोल खाऊन खचलेली असते तेव्हा समोर कोपऱ्यात आपल्या रंगाची तीनशे माणसं दिसणं आणि न दिसणं यात खूप फरक असतो, निदान मी तरी तेवढ्यासाठीच जाते.

२. तारीख पक्की होऊ द्या. टीव्हीसाठी मॅच शनिवारची रविवारी, रविवारची सोमवारी रात्री सरकते. क्लबने तारीख आणि वेळ कन्फर्म केल्याशिवाय रिफंड न मिळणारं काहीही बुक करू नका.

३. तिकीट. हरणाऱ्या टीमचं हे एक सुख आहे, तिकीट मिळतं. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांना साधारण ३,००० जागा असतात, ग्राउंड लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. युरोपियन क्लब स्पर्धांत ५ टक्के. आर्जेंटिनात तर २०१३ पासून बऱ्याच मॅचना पाहुण्या फॅन्सना बंदीच आहे, तेव्हा पाहुण्यांना एंट्री आहे ना हे आधी बघा. तिकीट आपल्याच क्लबकडून, आपल्याच स्टँडचं घ्या. "होम स्टँडमध्ये बसा, फक्त गप्प बसा" हा सल्ला देणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. आपला गोल झाला की अंग आपोआप उठतं, तिथे डोकं चालत नाही, आणि मग उरलेली मॅच गेटच्या बाहेर उभं राहून ऐकायची.

४. सामान. लहान बॅग (बऱ्याच ग्राउंडवर ए-फोर कागदाहून मोठी चालत नाही), चार्ज केलेली पॉवरबँक, गरम कपडे. बस.

५. परत येणं. आता मुद्द्याचं, कारण सगळे इथेच फसतात, मीसुद्धा फसलेय.

बहुतेक जण हिशोब करतात की मॅच ९० मिनिटांची, वर हाफटाइमची १५, झाली की निघालो. तसं होत नाही. दोन्ही हाफची इंज्युरी टाइम धरा, त्यात व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणं) असेल तर अजून वेळ जातो, म्हणजे किक-ऑफपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत जवळजवळ दोन तास. कप मॅच असेल तर ३० मिनिटं एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी धरून अजून तासभर. आणि एवढं सगळं होऊनही तुम्ही निघू शकालच असं नाही, कारण बऱ्याच ठिकाणी पाहुण्या फॅन्सना मुद्दाम स्टँडमध्येच थांबवून ठेवतात. होम फॅन्स रस्त्यावरून पांगले की मगच तुमचं गेट उघडतं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रात्री आठची मॅच होती, ०-३ हरलो, शिट्टी दहाला पाच कमी असताना वाजली आणि माझी शेवटची ट्रेन पावणेअकराची होती. ग्राउंड ते स्टेशन वीस मिनिटं चालत, म्हटलं आरामात होईल. स्टँडच्या दोन्ही जिन्यांवर स्टुअर्ड (ग्राउंडवर गर्दी सांभाळणारी माणसं) हात धरून उभे राहिले आणि आम्हाला थांबवलं. अर्धे दिवे बंद झाले. खाली ज्यांना खेळायला मिळालं नव्हतं ते सब्स्टिट्यूट या पेनल्टी बॉक्सपासून त्या पेनल्टी बॉक्सपर्यंत स्प्रिंट मारत होते आणि एक माणूस उखडलेलं गवत काट्याने परत दाबत होता, एकेक तुकडा, अगदी शांतपणे. मी घड्याळ बघत होते. ३५ मिनिटांनी सोडलं, बाहेर पोलिस सगळ्यांना एका लायनीत हळूहळू चालवत घेऊन गेले, पळता येईना, आणि स्टेशनवर पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आलेलं. आम्ही आठ जण होतो, एकमेकांना न ओळखणारे, सगळ्यांचा हिशोब तोच चुकलेला. पहाटे पाचच्या ट्रेनपर्यंत बाहेरच्या पायऱ्यांवर बसून काढली रात्र.

तेव्हापासून माझा नियम आहे आणि तो मी कोणासाठी मोडत नाही: शेवटची शिट्टी आणि परतीची गाडी यात कमीत कमी दीड तास. स्टेशन लांब असेल तर दोन. तेवढ्या वेळात शेवटची गाडी बसत नसेल तर सरळ मुक्काम करा किंवा ती मॅच सोडा. "मॅच हातातून गेली की ८० व्या मिनिटाला निघा" हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. मग गेलातच कशाला? शिट्टीनंतर प्लेअर्स आपल्या स्टँडकडे टाळ्या वाजवत येतात, काही जण मान वर करत नाहीत, पण येतात. त्या वेळी तिथे माणसं असायला हवीत.

थांबवून ठेवणार का, आणि किती वेळ, हे आधी विचारता येतं. यूएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) लायसन्सिंग नियमांप्रमाणे २०१२-१३ पासून क्लबला सपोर्टर लायझन ऑफिसर ठेवावा लागतो, म्हणजे फॅन्स आणि क्लब यांच्यामधला माणूस. मॅचच्या आठवड्यात त्यांना मेल करा: शिट्टीनंतर किती वेळ थांबवणार, कुठल्या गेटने सोडणार, स्टेशनपर्यंत पोलिस सोबत असणार का. हे तीनच प्रश्न विचारा. पक्की मिनिटं मिळत नाहीत, निर्णय ऐनवेळी बदलतो, पण त्या ग्राउंडवर नेहमी काय होतं ते कळतं.

फॅन क्लबची बस असेल तर ती सगळ्यात उत्तम, ती स्टँडच्या गेटजवळ उभी असते आणि तुम्हाला सोडून जात नाही. पण टीम हरायला लागली की सीट्स भरत नाहीत आणि बस दोन दिवस आधी कॅन्सल होते, माझ्या बाबतीत एका सीझनमध्ये दोनदा झालं. म्हणून बस बुक केली तरी ट्रेनचा दुसरा प्लॅन लिहून ठेवा, आणि तिथेही तोच दीड तासाचा नियम.

गेट उघडल्यावर स्कार्फ जॅकेटच्या आत घाला, घोळक्यातून चाला, शॉर्टकट घेऊ नका.

६. घरी पोचल्यावर. क्लबच्या अकाउंटला जाऊन बघा की या मॅचची हजेरी लागली का. बऱ्याच क्लबमध्ये अवे मॅचचे पॉइंट मिळतात आणि तिकिटं त्या क्रमाने देतात. गेटवर स्कॅन नीट झालं नसेल तर पॉइंट पडत नाही, लगेच कळवलं तर दुरुस्त करून देतात, महिन्याने कोणी दाद घेत नाही. टीम वर आली की त्याच स्टँडसाठी मारामारी होणार आहे, तेव्हा आत्ताचे हे ०-३ वाले पॉइंटच तिकीट मिळवून देतील.