नवजात बाळाचं लिव्हर निकामी होतंय : प्रत्यारोपणाआधी काय, प्रत्यारोपणात काय

व्हिटॅमिन के देऊनही बाळाचा आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो ते सांगणारा आकडा) ३ च्या वर राहिला आणि साखर सारखी उतरत असली, तर लिव्हर निकामी होतंय असं धरून चाला. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) फारसं वाढलेलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आईच्या अँटीबॉडींनी गर्भातच लिव्हर खराब केलेल्या बाळात (डॉक्टर याला गॅल्ड म्हणतात) ते शंभराच्या आतही असतं. हजारांत असेल तर संशय आधी हर्पीस या विषाणूचा घ्या.

शिरूरहून पुण्याच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पाठवत असाल तर वाटेतल्या वाघोलीच्या कोंडीचा वेळ धरूनच निघा. ग्लुकोजची ड्रिप वाटेत बंद पडू देऊ नका आणि शुगर तपासत राहा.

रक्त चढवण्याआधी नमुने काढा. घाईत हेच राहून जातं. दात्याच्या लाल पेशी बाळात गेल्या की गॅलॅक्टोसेमियाची (दुधातली साखर न पचवता येणारा जन्मजात आजार) एन्झाइम तपासणी खोटी नॉर्मल येते. त्याच वेळी कारण शोधायला हर्पीस पीसीआर (विषाणू ओळखणारी तपासणी), फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन), अमोनिया, लॅक्टेट आणि लघवीतलं सक्सिनिलॲसिटोनही (एका जन्मजात चयापचय आजाराची खूण) पाठवा.

रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. हर्पीसवरचं औषध असायक्लोव्हिर किलोमागे २० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी सुरू करा. गॅलॅक्टोसेमिया नाही हे कळेपर्यंत दूध बंद, आईचंसुद्धा. आजी कुरकुर करणारच. आईला दूध काढून फ्रीझरमध्ये ठेवायला सांगा, म्हणजे ते आटत नाही. गॅल्डचा संशय असेल तर रक्तबदल (बाळाचं रक्त थोडं थोडं काढून दात्याचं भरणं) आणि किलोमागे १ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी). यावर बरीच बाळं प्रत्यारोपणाशिवाय सावरतात. उलट मायटोकाँड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) आजार मेंदूपर्यंत पोचला असेल किंवा एचएलएच (रोगप्रतिकारशक्ती बेफाम होऊन शरीरावरच उलटणारा आजार) असेल, तर नवीन लिव्हर बसवूनही बाळ वाचण्याची आशा फार कमी. म्हणून आधी कारण शोधायचं.

औषधांनी भागलं नाही तर दाता बघा. नुकतंच सिझेरियन झालेली आई सहसा चालत नाही; वडिलांची तपासणी आधी करा. अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबाही कायद्याने जवळचे नातेवाईक धरले जातात. बाळाचा जन्मदाखला जन्म झाला तिथल्या नोंदणी कार्यालयाकडून लगेच काढून घ्या, नात्याचा पुरावा म्हणून लागतो.

खरी अडचण आकाराची. मोठ्या माणसाच्या लिव्हरचा डावा छोटा तुकडाही साधारण २०० ते २५० ग्रॅमचा, आणि बाळ ३ किलोचं. तुकडा बाळाच्या वजनाच्या ४ टक्क्यांवर गेला की त्याला रक्त पुरत नाही, पोटही शिवता येत नाही. म्हणून सर्जन तो आणखी कापून एकाच सेगमेंटवर (लिव्हरच्या आठ भागांपैकी एका भागावर) आणतात, कधी पोट काही दिवस जाळी लावून उघडं ठेवतात. लिव्हरची धमनी एक-दोन मिलिमीटरची. तीत गुठळी झाली तर तुकडा जातो. पहिल्या आठवड्यात रोज डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) त्यासाठीच करतात.

रक्तगट जुळला नाही तर लगेच हात टेकू नका. एवढ्या लहान वयात शरीर परका गट बऱ्यापैकी स्वीकारतं.

टॅक्रोलिमस (शरीराने नवीन लिव्हर नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू झाल्यावर बीसीजी आणि तोंडावाटे पोलिओ या जिवंत जंतूंच्या लसी बंद. लसीकरणाच्या ताईंना कार्डावर तसं लिहून घ्यायला सांगा. आणि निदान गॅल्डचं असेल तर आईची फाइल जपून ठेवा: पुढच्या गरोदरपणात १४ व्या आठवड्यापासून तिला इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं.