अमेरिकेतल्या विद्यापीठात टीएशिप कशी मिळवावी

टीएशिप म्हणजे टीचिंग असिस्टंटशिप: प्राध्यापकांना शिकवण्यात आणि पेपर तपासण्यात मदत करायची पगारी नेमणूक. हे काम करणारा विद्यार्थी म्हणजे टीए. पीएचडीला प्रवेश मिळाला की टीएशिपचा उल्लेख बहुधा प्रवेशपत्रातच असतो. एमएसवाल्यांना मात्र ती शोधावी लागते. पदवीच्या वर्गातल्या शेकडो मुलांचे ट्युटोरिअल, लॅब आणि पेपर सांभाळायला माणसं लागतात, म्हणून या जागा निघतात. त्यामुळे अर्ज करताना आपल्या हुशारीपेक्षा डिपार्टमेंटची गरज आधी बघावी.

गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र ही डिपार्टमेंट्स इतर शाखांच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात. तिथे जागा जास्त. विद्यापीठाच्या वेळापत्रकात कुठल्या कोर्सला किती लॅब सेक्शन (मुलांच्या तुकड्या) आहेत ते उघड दिसतं; आठ-दहा सेक्शनचा कोर्स एकटे प्राध्यापक चालवत नाहीत. आपल्याला जमतील असे तीन-चार कोर्स निवडा आणि त्यांचे अभ्यासक्रम वाचून काढा.

मग ईमेल. एकच मजकूर चाळीस प्राध्यापकांना पाठवला तर तो न वाचताच उडवला जातो. विषयाच्या ओळीत कोर्स क्रमांक आणि सत्र लिहा. मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे: तुम्ही कोण, त्या कोर्समधले कुठले धडे शिकवू शकता, कुठलं सॉफ्टवेअर किंवा उपकरण हाताळलं आहे, आठवड्यात कोणत्या वेळा मोकळ्या आहेत. मोकळ्या वेळा लिहायला बहुतेक जण विसरतात. नेमणूक करणाऱ्याला मात्र सेक्शनची वेळ जुळणारा माणूस हवा असतो. प्रत डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला पाठवा, कारण नेमणुकांचा तक्ता अनेकदा तेच जुळवतात. रीतसर ऑनलाइन अर्ज असेल तर तोही भराच, नुसत्या ईमेलवर काम होत नाही. सत्र सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा विचारा. नोंदणी अचानक वाढते, एखादा टीए गळतो, आणि जागा तेव्हा निघते.

परदेशी विद्यार्थ्यांची बोलण्याची परीक्षा अनेक ठिकाणी वेगळी होते. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या एकूण गुणांपेक्षा बोलण्याच्या भागातले गुण बघतात. कुठे पाच-दहा मिनिटांचा नमुना पाठही घ्यावा लागतो. नापास होतात ते सहसा व्याकरणामुळे नाही. फळ्याकडे तोंड करून बोलणं, भरधाव बोलणं आणि मुलाचा प्रश्न पुरता न ऐकताच उत्तर देणं ही नेहमीची कारणं. एकच संकल्पना घ्या, तिचं एक उदाहरण फळ्यावर पूर्ण सोडवा, आणि आलेला प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा म्हणून मग उत्तर द्या.

ऑफर आली की पत्र बारकाईने वाचा. ५० टक्के नेमणूक म्हणजे आठवड्याला २० तास, २५ टक्के म्हणजे १०. फीमाफी पूर्ण की अर्धी? ट्युशन माफ झाली तरी इतर शुल्क भरावं लागतं का? आरोग्य विमा आहे का, पगार नऊ महिन्यांचा की बारा? ‘ग्रेडर’ (नुसते पेपर तपासणारा) किंवा तासावारी काम असेल तर बहुधा नुसता तासाचा पगार मिळतो, फी माफ होत नाही. नावाला भुलू नका. पुढच्या वर्षासाठी आर्थिक मदत देऊ केली असेल तर कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं १५ एप्रिलच्या आत होकार मागू शकत नाहीत.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला एकूण २० तासच काम करता येतं. २० तासांच्या टीएशिपवर लायब्ररीतले पाच तास घेतले की नियम मोडला, आणि तो थेट व्हिसाच्या स्थितीवर येतो.

काम सुरू झालं की वेळ खातात ते पेपर. साठ पेपर, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे पाच तास गेले. आधी पाच-सहा पेपर नुसते वाचा, गुण कसे द्यायचे ते प्राध्यापकांशी पक्कं करा, मग पहिला प्रश्न सगळ्यांचा, त्यानंतर दुसरा सगळ्यांचा, असं तपासा. एकेक पेपर पूर्ण तपासत गेलात तर पहिल्या आणि शेवटच्या मुलाला वेगळा न्याय मिळतो, आणि तक्रारी तिथूनच येतात. गुणांची यादी दारावर लावू नका, सगळ्यांना एकत्र ईमेलही करू नका. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी जपणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्याने ती माहिती खासगी आहे. विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या आईवडिलांनाही गुण सांगायचे नाहीत, त्यांचा फोन आला तर प्राध्यापकांकडे वळवा.

पुढच्या सत्राच्या नेमणुका चालू सत्राच्या मध्यालाच ठरू लागतात. तेव्हाच कोऑर्डिनेटरला कळवा, आणि जीपीए (सगळ्या कोर्सच्या श्रेणींची सरासरी) पत्रातल्या अटीखाली, बहुतेक ठिकाणी ३.० च्या खाली, घसरू देऊ नका.