थ्रो-इनच्या वेळी कोणी कुठे उभं राहायचं? या चुका टाळा

बास्केटबॉलमध्ये थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत देणं, सुरू असताना ‘रेषेवर पाय!’ ही ओरड शालेय सामन्यांत हमखास ऐकू येते आणि नवखे पंच त्यावर शिट्टीही फुंकतात. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत साइडलाइन आणि एंडलाइन या कडेच्या रेषा मैदानाचा भाग नाहीत. चेंडू हातात असताना रेषा ओलांडून पाय आत टेकला तरच नियमभंग.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती डिफेंडरची घाई. सामना रंगलाय, चेंडू देणाऱ्याने हात पुढे केले, चेंडू रेषेच्या आत आला आणि समोरच्याने तो हातातूनच हिसकावला. बाकावरून टाळ्या, पंचाची शिट्टी आणि मग प्रशिक्षकाचा वाद: ‘चेंडू तर आत होता!’ हा गैरसमज बहुतेक वेळा अमेरिकी शालेय सामन्यांच्या क्लिप बघून होतो. तिथे रेषेच्या आत आलेला चेंडू धरता येतो. फिबात चेंडू देणाऱ्याच्या हातात असेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, मग तो रेषेच्या कुठल्याही बाजूला असो. पहिल्या वेळी ताकीद मिळते आणि ती उरलेल्या सामन्यासाठी अख्ख्या संघाला लागू होते. पुन्हा कोणीही तेच केलं तर टेक्निकल फाउल (धक्का लागला नसतानाही दिला जाणारा) लागू शकतो.

चौथ्या क्वार्टरच्या आणि ओव्हरटाइमच्या शेवटच्या २ मिनिटांत तर पंच चेंडू देण्याआधीच खुणेने ताकीद देतात. त्यानंतर अडवायला हात रेषेबाहेर गेला की थेट टेक्निकल: समोरच्यांना १ फ्री थ्रो, वर चेंडूही त्यांचाच. एका गुणाच्या सामन्यात हे परवडत नाही. म्हणून सरावात डिफेंडरला रेषेपासून पाऊलभर मागे, हात सरळ वर करून उभं करा. नियम नुसता तोंडी सांगून भागत नाही. दमलेला खेळाडू सवयीनेच वागतो.

डिफेंडरने चेंडू देणाऱ्यापासून १ मीटर लांब राहायचा नियम सरसकट नाही. रेषेबाहेर भिंत, कुंपण किंवा प्रेक्षक २ मीटरच्या आत असतील तरच तो लागू होतो. आपल्याकडच्या शाळांच्या मैदानांवर अशी अडचण नेहमीची, तेव्हा सामन्याआधी चारही बाजू पंचांसोबत बघून घ्या.

चेंडू देणाऱ्याला बाजूला सरकायला डावी-उजवी मिळून १ मीटर आहे, दोन्हीकडे एकेक नव्हे. सरळ मागे मात्र जागा असेल तितकं जाता येतं. दबाव आला की मागे या; मुलं हे विसरतात आणि चेंडू आत द्यायला मिळणारे ५ सेकंद घालवून बसतात.

समोरच्यांचा बास्केट झाल्यावर बाजूला सरकण्याची ही १ मीटरची अट नसते. एंडलाइनमागे हवं तिथे धावा, बाहेर उभ्या असलेल्या साथीदाराला पासही द्या. मध्ये खेळ थांबला आणि पंचांनी स्वतः चेंडू हातात दिला, तरी ही मोकळीक कायम राहते. फक्त ५ सेकंदांची मोजणी दोघांची मिळून एकच.