आग लागते वेल्डर गेल्यावर: या चुका टाळा

आमच्याकडे जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याची, दुरुस्ती निघते ती सीझन संपल्यावर, भर मे महिन्यात. पारा ४४-४५वर, रुई कडकडीत वाळलेली आणि मालकाला सगळं पावसाच्या आत हवं. मग कानावर येतं, ‘पाच मिनिटांचं काम आहे,’ आणि लगेच, ‘काही व्हत नही, भाऊ.’

सगळ्यात वाईट चूक म्हणजे काम संपलं की निघून जाणं. एका जिनिंगमध्ये सक्शन डक्टला (कापूस ओढून नेणाऱ्या पत्र्याच्या नळाला) वेल्डिंगने पट्टी मारायची होती. खाली झाडलं, पाणी मारलं, आग विझवायचे सिलिंडर आणून ठेवले. बाराला काम उरकलं, सगळे जेवायला. डक्टच्या आत सांध्यात रुई अडकली होती, ती कुणी काढलीच नव्हती. पत्रा बाहेरून तापला तरी आतलं पेटतं. कापूस दरवेळी भडकतोच असं नाही, आतल्या आत धुमसत राहतो. साडेतीनला भिंतीपलीकडून, रुईच्या गाठींच्या बाजूने धूर आला. विझवलेल्या दोन गाठी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेटल्या. वेल्डिंगच्या परमिटवर सही माझी होती.

अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं ५१-बी हे मानक ठिणगीपासून ३५ फुटांत जळण्यासारखं काही ठेवू नका म्हणतं. काम संपल्यावरचा पहारा त्यांनी २०१९मध्ये अर्ध्या तासावरून एक तास केला. कापसाला तासही कमीच. मी दोन तास स्टूल टाकून बसतो, मधून मधून पत्र्याला उलटा हात लावतो. नवी पोरं हसतात. हसू द्या.

तेलाचा रिकामा ड्रम कापू नका. रिकाम्या ड्रममध्ये वाफ असते. २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८चं कलम ३७ही तेच सांगायचं: आतला ज्वालाग्राही माल आणि वाफ काढल्याशिवाय वेल्डिंग-कटिंग नाही.

वेल्डिंगची अर्थिंग, म्हणजे करंट परत नेणारी क्लॅम्प, कामाजवळच लावा. लांब कुठेतरी अडकवलीत तर करंट बेअरिंगमधून, सैल बोल्टांतून वाट काढतो आणि ठिणगी भलतीकडेच उडते.

उकडतंय म्हणून ऑक्सिजनच्या नळीने शर्टात हवा घेणाऱ्याला मी त्याच दिवशी घरी पाठवतो. ऑक्सिजन मुरलेला कपडा एका ठिणगीला अंगावर भडकतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला ग्रीस लावणाराही त्याच गाडीने घरी.

आणि लाल बादल्यांतली वाळू आधी बोटाने उकरून बघा. आमच्याकडे तिच्यात विड्यांची थोटकं निघतात.