तांदळावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव : गोव्यातून स्पाउस व्हिसाच्या इंटरव्ह्यूला जाताना

फोंड्याहून न्यू जर्सीला येऊन मला अकरा वर्षं झाली. अजून दर दोन-तीन महिन्यांनी गावाकडून कोणाचा तरी फोन येतो, ताई मुंबईला इंटरव्ह्यू लागलाय, काय काय नेऊ? आणि मी दर वेळी आधी एकच विचारते की तुझा डीएस-२६० फॉर्म, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, तू स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलायस का. बहुतेकींचं उत्तर नाही असतं, नवऱ्याने तिथून भरला नाहीतर एजंटाने भरला, मी फक्त माहिती दिली. पण इंटरव्ह्यू तुमचा असतो ना, खिडकीवर नवरा शेजारी नसतो आणि एजंट तर नसतोच, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी थोडक्यात मार्ग सांगते. अमेरिकेतला नवरा (किंवा बायको, गोव्यातून नवरा येणार असेल तरी सगळं हेच) आय-१३० पिटिशन, म्हणजे नातं दाखवणारा अर्ज, घालतो, ती पास झाली की केस अमेरिकेतल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथे ३२५ आणि १२० डॉलर अशा दोन फिया, डीएस-२६०, नवऱ्याचं आय-८६४ म्हणजे तो तुम्हाला पोसू शकतो याची हमी, आणि तुमचे कागद स्कॅन करून अपलोड. ते सगळं मान्य झालं की तारखेची वाट बघायची, आणि गोव्याची केस मुंबईच्या कॉन्सुलेटलाच जाते, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला (बीकेसी). नवरा सिटिझन नसून ग्रीन कार्डवाला (कायम राहण्याचा परवाना असलेला) असेल तर मध्ये व्हिसा बुलेटिनची, म्हणजे दर महिन्याला निघणाऱ्या तारखांच्या तक्त्याची, रांग लागते, ती वेगळी.

आता खरा मुद्दा, जो कुठल्याही यादीत नीट लिहिलेला नसतो. आपल्या गोव्यात एका बाईची नावं किती असतात बघा. जन्माच्या दाखल्यावर एक (कित्येकांच्या दाखल्यात नावाचा रकाना रिकामाच असतो, नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं, तो पंचायतीत किंवा म्युनिसिपालिटीत जाऊन नाव घालून घ्यावाच लागतो), शाळेत दुसरं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं तिसरं. माझं सासरचं नाव मी कुठेच कागदावर लावलं नाही, पण लग्नपत्रिकेवर, फोटोंच्या अल्बमवर आणि सासूबाईंच्या तोंडी तेच होतं. फॉर्ममध्ये ‘दुसरी वापरलेली नावं’ असा प्रश्न असतो, तिथे हे नाव लिहायचं, लपवायचं काही नाही, आपली प्रथा आहे आणि मुंबईतल्या ऑफिसरांनी ती शेकडो वेळा बघितलेली असते. आडनावांचं तर विचारूच नका, आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदावर कामतचं कामोतीम असतं, प्रभूचं पोरोबो, शेणवीचं सिनाय, आणि वडलांच्या दाखल्यात एक, तुमच्या पासपोर्टवर वडलांचं नाव दुसरं. ह्यात कुठे फरक दिसला तर आत्ताच दुरुस्त करा किंवा दोन्ही नावं एकाच माणसाची असं ॲफिडेव्हिट करून ठेवा. आणि लिस्बनला जन्म नोंदवलेला असेल, पोर्तुगीज नॅशनॅलिटीची फाइल कधी घातली असेल तर तेही खरं खरं सांगायचं, फॉर्म दुसऱ्या नागरिकत्वाबद्दल स्पष्ट विचारतो.

दुसरी गोष्ट लग्नाची तारीख, आणि ह्यात गोव्याचेच लोक अडकतात कारण आपला कायदा वेगळा. रजिस्ट्रारकडे आधी पहिली सही, म्हणजे लग्न करायचंय एवढं जाहीर करणं, मग हरकतींसाठी नोटीस, मग दुसरी सही, तेव्हा कायद्याने लग्न होतं. आणि देवळात अक्षता पडतात त्या कधी आधी, कधी सहा महिन्यांनी नवरा सुट्टीवर आल्यावर. माझ्या फॉर्ममध्ये एका एजंटाने देवळातली तारीख घातली होती आणि सर्टिफिकेटवर दुसऱ्या सहीची होती, मला ते इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री लॉजवर फाइल लावताना दिसलं आणि रात्रभर झोप नाही. खिडकीवर गेल्या गेल्या मीच आधी सांगितलं की फॉर्ममध्ये तारीख चुकलीय, सर्टिफिकेटवरची बरोबर आहे, देवळातला विधी नंतर झाला. ऑफिसर बाईंनी तिथेच दुरुस्त केलं, दोन मिनिटं लागली. तेच त्यांनी पकडलं असतं आणि मी गडबडले असते तर? म्हणून सांगते, लग्न कधी झालं असं विचारलं की दोन्ही तारखा सांगा, कोणती कायद्याची आणि कोणती विधीची.

ह्या कायद्याच्या तारखेचं आणखी एक महत्त्व आहे. अमेरिकेत पाय ठेवाल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसतील तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचंच कंडिशनल ग्रीन कार्ड, आणि दोन वर्षं झाली असतील तर आयआर-१, दहा वर्षांचं. मोजणी इंटरव्ह्यूच्या दिवसाची नाही, एंट्रीच्या दिवसाची. माझ्या एका मैत्रिणीला फक्त तीन आठवडे कमी पडत होते, व्हिसाची मुदत शिल्लक होती, तिने तिकीट पुढे ढकललं आणि पुढचा आय-७५१ चा, म्हणजे कार्डावरची अट काढण्याच्या अर्जाचा, सगळा खटाटोप वाचला.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नावावर नसल्याचा दाखला, पासपोर्ट ऑफिसचंच लागतं, पणजीच्या, गावच्या पोलीस स्टेशनचं पत्र चालत नाही. आपल्याकडे निम्मी घरं आखातात जाऊन आलेली, तर सोळा वर्षांनंतर दुबई, कुवेत, बहारीन कुठेही बारा महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलंही सर्टिफिकेट मागतात. कुठल्या देशाचं कसं मिळतं ते स्टेट डिपार्टमेंटच्या साइटवर देशागणिक दिलेलं आहे. हे सगळ्यात आधी सुरू करा, सगळ्यात जास्त वेळ हेच खातं.

मेडिकल कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करायची, आपल्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी आणि लशी. लहानपणीचं लशींचं कार्ड आईच्या कपाटात असेल तर शोधून न्या, नसेल तर तिथे परत टोचतात आणि पैसे जातात. बंद पाकीट दिलं तर ते फोडायचं नाही.

मेडिकल, मग व्हिसा ॲप्लिकेशन सेंटरला बोटांचे ठसे आणि फोटो, मग इंटरव्ह्यू, अशा मुंबईच्या दोन फेऱ्या नाहीतर एक लांबलचक मुक्काम. कोकणकन्याने सकाळी उतरून त्याच सकाळी इंटरव्ह्यूला जायचं असं कोणी करू नका, पावसाळ्यात तर नकोच, गाडी रत्नागिरीच्या पुढे दोन तास उभी राहिली तर काय करणार. आदल्या दिवशी पोचा. आता मेट्रो बीकेसीपर्यंत जाते त्यामुळे दादर किंवा अंधेरीला नातेवाइकांकडे उतरलात तरी चालतं. मोबाइल, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह काही आत नेऊ देत नाहीत आणि ठेवायला तिथे सोय नसते, बरोबर आलेल्या माणसाकडे द्या. फाइल साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये. अपलोड केलेल्या प्रत्येक कागदाचं ओरिजिनल आणि झेरॉक्स, दोन बाय दोन इंचाचे चष्म्याशिवायचे फोटो, अपॉइंटमेंट लेटर. आधीचं लग्न मोडलं असेल तर कोर्टाची डिक्री.

आत खूप वेळ बसायचं असतं, बोलणं मात्र थोडंच. उजवा हात वर करून शपथ घेतात. मला विचारलं, कसे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, नवरा काय करतो, त्याच्या घरी अजून कोण राहतं, लग्नानंतर किती वेळा भेट झाली. ठरवून झालेलं लग्न असेल तर तसंच सांगा की मामीने स्थळ आणलं, गणपतीत तो आला होता तेव्हा बघण्याचा कार्यक्रम झाला, चार वेळा भेटलो आणि हो म्हटलं. लव्ह मॅरेज दाखवायची काही गरज नाही. फोटो पंधरा-वीस पुरेत, दोन्हीकडची माणसं दिसणारे, शिवाय तिकिटं, बोर्डिंग पास, फोनवर बोलल्याची थोडी पानं. इंग्लिश जमत नसेल तर सरळ सांगा, माझ्या नणंदेने हिंदीत दिला आणि काही अडलं नाही. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. खोटं मात्र एक शब्दही नको, ते सापडलं तर तो शिक्का आयुष्यभर मागे लागतो, नंतरची कुठलीच केस सोपी राहत नाही.

२२१(जी) ची चिठ्ठी, म्हणजे व्हिसा तूर्त अडलाय असं सांगणारी, मिळाली की बाहेर येऊन रडणाऱ्या मुली मी बघितल्यात. बाई गं, बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की एखादा कागद कमी आहे. नवऱ्याचा टॅक्सचा ट्रान्सक्रिप्ट, नाहीतर त्याची कमाई सरकारी गरिबी रेषेच्या १२५ टक्क्यांना पुरत नाही म्हणून जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे दुसरा हमीदार, हवा. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच आणि तसंच पाठवा. आणि पासपोर्टवर व्हिसा प्रत्यक्ष दिसेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका, नोकरीचा राजीनामा देऊ नका, घरचे कितीही घाई करोत.

व्हिसा आला की स्पेलिंग आणि जन्मतारीख तिथल्या तिथे तपासा. निघण्याआधी यूएससीआयएसची (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) २३५ डॉलरची फी ऑनलाइन भरली की ग्रीन कार्ड वेळेत छापायला जातं. एक्स-रेची सीडी दिली असेल तर हातातल्या बॅगेत. एंट्रीचा शिक्का बसला की तोच व्हिसा एक वर्ष ग्रीन कार्डसारखा चालतो, त्यामुळे कार्ड यायच्या आधीही नोकरी धरता येते, बँकेत खातं उघडता येतं. खातं स्वतःच्या नावाचं उघडाच, जॉइंट असलं तरी. डीएस-२६० मध्ये सोशल सिक्युरिटी नंबरला हो म्हटलं असेल तर तेही कार्ड आपोआप पोस्टाने येतं.

आणि घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी, जेट लॅग असला तरी, खाली जाऊन मेलबॉक्स बघा. आमच्या मेलबॉक्सवर नुसतं नवऱ्याचं आडनाव होतं, मी पासपोर्टवर माहेरचंच ठेवलेलं, आणि पोस्टमनला ते नाव तिथे राहतं हे कळणार कसं, तो ग्रीन कार्डचं पाकीट परत पाठवतो. मी एका कागदाच्या पट्टीवर पासपोर्टवरचं पूर्ण नाव लिहून आतल्या बाजूला चिकटवलं, तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं.