टनेज बरोबर, भाव चुकला: स्टील स्ट्रक्चरच्या एस्टिमेटमध्ये या चुका टाळा

शेडचं ड्रॉइंग आलं की आपण आधी टनेज, म्हणजे स्टीलचं एकूण वजन टनात, काढतो. ते बहुधा बरोबरच येतं. नुकसान होतं ते सगळ्या टनांना किलोमागे एकच भाव लावल्यामुळे.

पेंटचंच बघा. एक चौरस मीटर प्लेटचं वजन म्हणजे मिलिमीटरमधली जाडी गुणिले 7.85 किलो. त्यामुळे 6 मिमी प्लेटच्या एका टनाला दोन्ही बाजू धरून साधारण 42.5 चौरस मीटर रंगवावं लागतं, तर 20 मिमीच्या टनाला फक्त 12.7. रंगाआधी गंज काढणाऱ्या ब्लास्टिंगचंही तेच. हलक्या ट्रसला (छताच्या त्रिकोणी सांगाड्याला) जड कॉलमचा भाव लावलात, तर रंगाचे डबे तुमच्या खिशातून जाणार. पेंट चौरस मीटरवरच काढा.

दुसरी चूक मला सगळ्यात महाग पडली आहे: डोळे मिटून 3 टक्के वेस्टेज धरणं. समजा, 7 मीटरचे 40 बीम आहेत आणि बाजारात बार 12 मीटरचा मिळतोय. एका बारमधून एकच बीम निघतो आणि 5 मीटरचा तुकडा उरतो. एकूण 200 मीटर. सेक्शन मीटरला 45 किलोचा असेल, तर 9 टन माल पडून राहिला! भंगारात त्याचे थोडेच पैसे सुटतात. म्हणून कोटेशन देण्याआधीच कटिंग प्लॅन करा. त्याच सेक्शनचा छोटा बीम त्या तुकड्यात बसतो का बघा. जोड द्यायचा असेल तर कन्सल्टंटची परवानगी घ्या आणि वेल्डिंग-टेस्टिंगचा खर्च धरा.

जीए (जनरल अरेंजमेंट, म्हणजे एकूण मांडणीच्या) ड्रॉइंगमध्ये कनेक्शन, म्हणजे जोडाच्या प्लेट्स-बोल्ट, पूर्ण दाखवलेली नसतात, त्यामुळे त्यांचं वजन धरायचं राहून जातं. कॉलमखालची 400 × 400 × 25 मिमीची एक बेस प्लेट 31.4 किलोची होते. अशा 60 प्लेट्स म्हणजे जवळपास 1.9 टन. तिरका कापलेला गसेट (जोडावरची प्लेट) पूर्ण चौकोनाच्या वजनाने मोजायचा की निव्वळ, हे टेंडरच्या मोजमापाच्या कलमात वाचा. एस्टिमेट आणि बिल यांची पद्धत एकच हवी.

भाव किती दिवस वैध आणि जीएसटी वेगळा की धरून, हे कोटेशनवर स्पष्ट लिहा.

इरेक्शनचा (साइटवर स्ट्रक्चर उभं करण्याचा) दर साइट बघितल्याशिवाय देऊ नका. क्रेनवर लिहिलेली क्षमता अगदी जवळच्या रेडियसची, म्हणजे क्रेनपासून मालाच्या कमीत कमी अंतराची, असते. मध्ये मशीन फाउंडेशन खणून ठेवलं असेल, तर क्रेन लांब उभी करावी लागते आणि तोच राफ्टर (छताचा तिरका बीम) उचलायला मोठी क्रेन मागवावी लागते. तिचं भाडं येण्याजाण्यासकट आधीच विचारून घ्या.